फेरीवाल्याला देण्याआधी भांडे उलटून पाहा

नांदेडच्या आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती. फडताळात चिनी मातीच्या तीन रकाब्या होत्या, निळ्या फुलांच्या, नानीसासूच्या काळातल्या. दारावर आलेल्या फेरीवाल्याला त्या देऊन आम्ही प्लास्टिकचा टब घेतला. चौथी रकाबी परसात कोंबड्यांच्या पाण्याला लावलेली होती, म्हणून तेवढी राहिली. ती घासून उलटली, तेव्हा तळाशी स्फिंक्सचे चित्र आणि मास्ट्रिख्ट हे नाव दिसले.

मास्ट्रिख्ट हे नेदरलँड्समधले शहर. पेट्रुस रेगाऊट यांनी १८३६ मध्ये तिथे भांड्यांचा कारखाना काढला. स्फिंक्स ही त्याचीच खूण. तिथला माल आशियाच्या बाजारात भरपूर येई. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून सुरू झाली आणि १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला पोहोचली. एवढे नाजूक भांडे बैलगाडीपेक्षा रेल्वेनेच सुखरूप येणार.

त्या रकाबीवरची फुले ब्रशाने काढलेली नव्हती. स्पंज फुलाच्या आकारात कापून, रंगात बुडवून, रजईच्या कापडावर ठसे मारतात तसे ते मारलेले होते. ओळखण्याची रीत सोपी आहे. सगळी फुले एकाच मापाची असतात, पण त्यांच्यातले अंतर कमीजास्त असते. वर्तुळ पूर्ण होते तिथे एखादे फूल दुसऱ्यावर चढलेले दिसते. रंगात बारीक छिद्रे दिसतात, कडा मऊ असतात. रंग झिलईच्या खाली असल्याने बोट फिरवले तरी हाताला लागत नाही. छापील कागदावरून उतरवलेल्या नक्षीत मात्र रेषा केसासारख्या बारीक येतात.

तळाच्या अक्षरांवरून काळाचाही अंदाज येतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तेव्हा नुसते ‘हॉलंड’ किंवा ‘इंग्लंड’ असेल तर भांडे बहुधा त्यानंतरचे. ‘मेड इन’ असेल तर बहुतेक विसाव्या शतकातले.

आता मर्तबान. शेजारच्या काकू जिला बरणी म्हणतात तीच ही, वर तपकिरी आणि खाली दुधी. मर्तबान हे नाव ब्रह्मदेशातल्या बंदराचे. चौदाव्या शतकात इब्न बतूताला समुद्रप्रवासात आले, मिरी, लिंबू आणि आंबे मिठात मुरवून भरलेले मर्तबान भेट मिळाले होते. (शाळेत हा उल्लेख आला की मुलांच्या तोंडाला पाणी सुटते.) बरणीची माती सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजून दगडासारखी होते, म्हणून मीठ आणि आंबट तिला खात नाही. तळाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा थेंब टाका: रकाबीची माती तो पिते, बरणीची तसाच ठेवते. बोटाच्या पेराने टिचकी मारा. अखंड भांडे खणखणते, तडा असेल तर आवाज बसका येतो.

किंमत विचाराल तर ठरलेला भाव नाही. झाकण मूळचे आहे का, कड उडाली आहे का, खूण वाचता येते का, जोडी पूर्ण आहे का, यांवर ती ठरते. आमच्या चार रकाब्यांचा संच होता. आता एक आहे, तीही कोंबड्यांच्या चोचींनी खरवडलेली. विकायचेच असेल तर तळाचा फोटो काढून दोन-तीन ठिकाणी विचारावे, दारातल्या दारात सौदा करू नये. जुने दिसावे म्हणून चिंचेने किंवा ॲसिडने घासू तर मुळीच नये. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक. जुन्या रकाब्यांच्या झिलईत शिसे असू शकते. जाळीदार तडे गेलेल्या रकाबीत दही, लिंबू, अचार वाढू नका. ती भिंतीवर शोभते.

लातूर जिल्ह्यात आमच्या नणंदेकडे एक मर्तबान आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्यांचे दगडमातीचे घर पडले. चार दिवसांनी ढिगाऱ्यातून मर्तबान निघाला; झाकण फुटले होते, आत त्यांच्या सासूबाईंनी उन्हाळ्यात घातलेला कैरीचा अचार होता. सासूबाई त्या पहाटे गेल्या. फेरीवाल्याने गेल्या वर्षी त्या मर्तबानाचे तीनशे रुपये सांगितले. नणंदेने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. तोंडाला मलमलीचा कपडा बांधून त्यात अजूनही दर वर्षी अचार घालतात.