गाडीचा पत्रा वाजवून काय कळते?

मोटार घ्यायला शोरूममध्ये गेलेले कुटुंब आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे का? पहिला प्रश्न ठरलेला : 'किती देते?' मग एसी कसा, डिकीत किती बॅगा मावतात, गतिरोधकावर गाडी खालून घासणार तर नाही ना. एवढे झाले की बरोबर आलेले कोणी अनुभवी गृहस्थ पुढे होतात, दरवाजावर बोटाने टकटक करतात, दार उघडून जोरात लावतात आणि निकाल देतात. 'धप्प' असा भरीव आवाज आला तर गाडी दणकट. 'टण्ण' असा आला तर नुसता पत्र्याचा डबा! आम्हीही एका मित्राबरोबर जाऊन असे दार आपटून आलो आहोत, तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण या परीक्षेत नेमके काय तपासले जाते? दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गाडीला आकार देणे आणि ऊन-पाऊस बाहेर ठेवणे हे त्याचे मुख्य काम. तो किती वेळ कंप पावतो यावर आवाज ठरतो. आतल्या बाजूला कंपने शोषणारी पट्टी चिकटवली आणि चौकटीला जाड रबर लावले की 'टण्ण'चे 'धप्प' होते. गिऱ्हाईक आवाज ऐकून मत बनवते हे कारखानदारांना चांगले ठाऊक असते. म्हणून दाराच्या आवाजावर मुद्दाम मेहनत घेतली जाते. अपघातात भार पेलतात ते आतले खांब, तुळया आणि दारात आडवा बसवलेला दांडा. ते बोटाला लागत नाहीत आणि कानाला ऐकूही येत नाहीत.

आता दुसरी तक्रार पाहू. 'जरा धडकली तर पुढचा भाग कागदासारखा चुरगळला. पूर्वीच्या गाड्या कशा, खांबाला धडकल्या तर खांब वाकायचा!' इथे थोडे गणित करू या. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. एवढा वेग वरून खाली पडून मिळवायचा तर सुमारे १६ मीटर, म्हणजे जवळजवळ पाच मजले उंचीवरून पडावे लागेल. हा वेग शून्यावर यायचा आहे. प्रश्न एवढाच, की किती अंतरात?

वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले की सरासरी ऋण त्वरण मिळते. गाडीचे नाक अगदी टणक आहे आणि ती १० सेंटिमीटरमध्ये थांबली, असे समजा. ऋण त्वरण येते गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १६० पट. नाक चेपत गेले आणि ती ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर तेच येते सुमारे २७ पट. हेही थोडे नाही. ६० किलो वजनाच्या माणसावर दीड टनाहून अधिक वजनाएवढे बल येईल. पण पट्टा छाती आणि कमरेवर पसरून ते घेत असेल तर माणूस वाचू शकतो. १६० पटीत आशा फारच कमी.

म्हणजे चुरगळणे हा दोष नव्हे, ते त्या भागाचे कामच आहे. बेला बारेन्यी या अभियंत्याने मर्सिडीजमध्ये काम करताना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला या कल्पनेचे पेटंट मिळवले आणि १९५९ साली ती गाडीत प्रत्यक्ष उतरली : पुढचा-मागचा भाग मऊ, मधली बैठकीची पेटी मात्र न चेपणारी. योगायोग असा, की व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा पट्टाही १९५९चाच. पट्टा नसेल तर चुरगळणाऱ्या नाकाचा फायदा माणसाला मिळतच नाही. गाडी हळू होत असते, माणूस मूळ वेगानेच पुढे जातो आणि शेवटच्या काही सेंटिमीटरांत डॅशबोर्डवर थांबतो.

वर्गात हे दाखवायला अंडे आणि चादर पुरे. दोघांनी चादर उभी सैल धरावी, खालची कड उचलून झोळी करावी आणि तिसऱ्याने अंडे जोरात चादरीवर फेकावे. ते फुटत नाही. भिंतीवर फेकून दाखवायचे की नाही, ते मुख्याध्यापकांना विचारून ठरवावे.

भारतात हा विषय लोकांसमोर आला तो २०१४ साली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने इथल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे! त्यांतली फोक्सवॅगन पोलो आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटते. तिचा सांगाडा टिकून राहिला होता, तरी एअरबॅग नसल्याने शून्य. एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. कंपनीने मग एअरबॅग नसलेली गाडी विकणे बंद केले. डिसेंबर २०१८मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि तारे हा जाहिरातीचा विषय झाला. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे.

'जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी' या समजुतीत मात्र तथ्य आहे, पण अर्धेच. ८०० आणि १६०० किलोच्या दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटरने जातील. म्हणजे जड गाडीच्या वेगात बदल ३३चा, हलकीच्या वेगात ६७चा. पण समोर वडाचे झाड असेल तर? मग जड गाडी आपली जास्तीची गतिज ऊर्जा सोबत घेऊनच येते, आणि ती जिरवायचे काम तिच्याच नाकाला करावे लागते.

दणकटपणाच्या याच हौसेपोटी लोक गाडीपुढे जाड लोखंडी गार्ड बसवून घेत. तो थेट सांगाड्याला जोडला की चुरगळण्याचा क्रम बिघडतो, एअरबॅगच्या संवेदकांना धडक नीट कळेलच असे नाही, आणि समोर येणाऱ्या पादचाऱ्याला बसतो तो निव्वळ लोखंडाचा मार. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. आमच्या त्या मित्राने पुढे गार्ड काढला; दार मात्र तो अजूनही आपटूनच पाहतो.