बेचाळिसाव्या दिवसानंतरची बाळंतीण

दवाखान्यात बाळंतपण होऊन बाई घरी आली की आशाताई तिच्याकडे सहा वेळा जातात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. वाशीम जिल्ह्यात रिसोडच्या गावांपासून मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत हेच वेळापत्रक. आशाताई बाळाचे वजन करतात, अंग तापले आहे का बघतात, ते अंगावर नीट पिते का विचारतात. या भेटींची मुळे विदर्भातच आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले, पुढे देशाने ही पद्धत उचलली.

त्याच गडचिरोलीतून २००४ मध्ये आलेला दुसरा आकडा मात्र फारसा कुणाच्या तोंडी नाही. घरी बाळंत झालेल्या बायकांपैकी जवळपास ४३ टक्के बायकांना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही ना काही दुखणे झाले होते. बाळाकडे बघायला आलेल्या डोळ्यांनी आईकडेही बघितले पाहिजे, हे त्यातून दिसते. अंगावरून जास्त जाणे, घाण वास येणे, ताप, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका, पोटरी सुजून दुखणे, यातले काहीही दिसले तर सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा.

आपल्याकडच्या चालीरीतींत बाळंतिणीची माया आहे. पहिलटकरणीला माहेरी आणतात, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करतात, तेल लावून अंग शेकतात. सव्वा महिना तिला जड काम लावत नाहीत. ही विश्रांती खरोखर मोलाची आहे. पण बंद खोलीतला धूर तिला आणि बाळालाही बाधतो, आणि दूध पाजणाऱ्या बाईचे पाणी तोडणे तर सरळ चूक आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. बाळ झाले की त्यांची पाकिटे फळीवर पडून राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेरचा आधार कमी होतो. त्यात सोयाबीन सोंगणीला आले असेल, तर सव्वा महिन्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मनाचे दुखणे यापेक्षा लपून राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायकांना होते आणि पंधरवड्यात ओसरते. ते ओसरले नाही, झोप उडाली, खाणे नकोसे झाले, बाळाला घ्यावेसेच वाटेना, ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ हेच ती घोकू लागली, तर तो आजार आहे. घरात त्याला बाहेरची बाधा म्हणतात, नाहीतर आळस. दोन्ही नावांनी बाई एकटी पडते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी तपासल्यावर २३ टक्के बायकांना नैराश्य होते. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले नाते होते, आणि मुलगी झाली हेही होते. त्यांच्यातल्या बहुतेक जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. म्हणजे दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीला येणाऱ्या बाईशी रक्तदाबाबरोबर मनाचेही बोलता येईल.

आता ते सहा ते आठ आठवडे आशाताईंच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. सहाव्या आठवड्याला त्यांची शेवटची भेट असते. पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात, तीही बाळाच्या वाढीसाठी. दुखणे ठळक होते नेमक्या त्याच काळात दार वाजवणारे कुणी नसते. मला ही फट बुजलेली हवी आहे, आणि वाशीममध्ये ती बुजवणे शक्य आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्याने १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात वाशीम आहे. शेतकऱ्याच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करणे इथल्या आशाताईंना नवीन नाही. तीच विचारपूस बाळंतिणीची करायची आहे. गेल्या पंधरा दिवसांत मन सतत उदास असते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता मन रमत नाही का? दोन प्रश्न, सासू-नवऱ्यापासून थोडे बाजूला बसून. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, म्हणून या भेटीचा मोबदला वेगळा मिळायला हवा.

पाकिस्तानात गावोगावच्या आरोग्यसेविकांनी अशा बायकांशी ठरवून गप्पा मारल्या आणि नैराश्य लक्षणीय कमी झाले. गोव्यात हेच काम ‘सखी’ नावाने गावातल्या साध्या बायकांनी केले. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्या घरी जात राहिल्या. फरक माफक होता, पण बऱ्या होणाऱ्या बायका वाढल्या.

ज्यांना औषध लागते त्यांच्यासाठी अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे आहेत. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. हजारात एक-दोघींना होणारा आजार मात्र वेगळा. ती रात्रंदिवस जागी राहते, भलतेसलते बोलते, तिला नसलेले आवाज ऐकू येतात. तिला एकटी सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तिथे बाळ आपल्यापासून तोडतील या भीतीने घरचे कचरतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल एरवी वेगळे करता येत नाही.