बोटीवरचा काळा कोट

सहलीच्या बोटीवर रात्रीच्या जेवणाला कोणी काय घालावे, हा प्रश्न ह्या पानांवर यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही तो परकाच होता. निवृत्तीनंतर, इंग्लंडात नोकरीस असलेल्या मुलाच्या आग्रहाखातर मी व माझी पत्नी साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जाऊन येणाऱ्या एका मोठ्या बोटीवर सात रात्री राहिलो. त्यांपैकी दोन रात्री 'फॉर्मल नाइट' होत्या. मला लिहायचे आहे ते त्या दोन रात्रींविषयी.

आधी ही प्रथा काय आहे ते सांगतो. क्रूझ म्हणजे कुठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर केवळ मौजेसाठी केलेला समुद्रप्रवास. ह्या प्रवासात कंपनी काही रात्री मुक्रर करते. त्या रात्री मुख्य भोजनगृहात ठरलेल्या पोशाखाशिवाय प्रवेश नसतो. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये कार्यक्रमाचा कागद येतो, त्यावर हे छापलेले असते. कार्निव्हल ह्या अमेरिकन कंपनीत पाच दिवसांपर्यंतच्या सफरीत अशी एक रात्र असते, सहा दिवसांपासून पुढे साधारणतः दोन. तिथला नियम तसा सैल आहे. अर्धी चड्डी, टी-शर्ट, रबरी चपला चालत नाहीत एवढेच. क्यूनार्ड ही ब्रिटिश परंपरेची कंपनी अधिक काटेकोर. तिथे पुरुषाने डिनर जॅकेट वा गडद सूट, स्त्रीने समारंभी झगा, अथवा दोघांनीही आपापल्या देशाचा समारंभी पोशाख घालावा अशी अपेक्षा असते. जो घालणार नाही त्याला कोणी हाकलून देत नाही. त्याने बुफेमध्ये जावे, पबमध्ये बसावे. आवाज न चढवता माणसाला बाजूला ठेवण्याची ही रीत आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

ह्यात व्यापारही आहे. त्या रात्री जिन्याजवळ पडदे लावून छायाचित्रकार उभे असतात. नटूनथटून आलेल्या कुटुंबाचे छायाचित्र काढतात आणि नंतर ते विकतात. काही कंपन्या सूट भाड्यानेही देतात. कप्तान हातात शॅम्पेनचा पेला घेऊन पाहुण्यांचे स्वागत करतो.

गंमत अशी, की आज जो कोट औपचारिकतेचे शिखर मानला जातो तो जन्माला आला तो अनौपचारिक म्हणून. मागे लांब शेपटी असलेला कोट हाच पूर्वी इंग्रज अभिजनांचा संध्याकाळचा पोशाख. १८६५ च्या सुमारास युवराज एडवर्डसाठी लंडनच्या सॅव्हिल रो वरील हेन्री पूल ह्या शिंप्याच्या दुकानाने बिनशेपटीचा आखूड कोट शिवला, असे ते दुकान सांगते. तो घरगुती जेवणाला घालायचा होता. १८८६ मध्ये तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमधल्या श्रीमंतांत शिरला आणि अमेरिकेत त्याला त्याच गावाचे नाव पडले. म्हणजे ज्याला 'परंपरा' म्हणून धाक दाखवला जातो, ती एका राजपुत्राची सोय होती.

बोटीवर तर पोशाखाच्या आधी वर्ग होता. १९१२ च्या टायटॅनिकवर तीन वर्ग होते आणि तिघांची भोजनगृहे वेगळी. १९६९ मध्ये सेवेत आलेली क्वीन एलिझाबेथ २ सुद्धा अटलांटिक ओलांडताना दोन वर्गांची असे. पुढे तिकिटावरचा 'वर्ग' हा शब्द गेला. पण क्यूनार्डच्या बोटींवर तुम्ही कोणत्या भोजनगृहात बसणार हे आजही तुमच्या केबिनच्या दरावर ठरते. सर्वांत महाग केबिनवाल्यांसाठी क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांसाठी प्रिन्सेस ग्रिल, बाकीच्यांसाठी ब्रिटानिया. नावे राजघराण्याची, उतरंड आपल्या ओळखीची.

असे असूनही ह्या प्रथेच्या बाजूने जे बोलले जाते ते मी उडवून लावणार नाही. आमच्या टेबलावर लीड्सचा एक निवृत्त बसचालक होता. वडील कोळशाच्या खाणीत, आजोबाही तिथेच. त्याने भाड्याचा काळा सूट घातला होता आणि बो टाय सारखा सावरत होता. तो म्हणाला, माझ्या बापाला अशा दाराच्या आत कोणी येऊ दिले नसते. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. सर्वांनी एकसारखा काळा कोट घातला की मालक कोण, चालक कोण हे निदान एका रात्रीपुरते कळत नाही, हा युक्तिवाद त्याच्यापुरता तरी खोटा नव्हता.

मला तो आनंद कळत होता. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलेले आहे. आपल्याकडे पोशाखाचा नियम म्हणजे हा! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल असे दागिने टाका, लुगडे वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे नेसा. माझ्या आजीने त्यानंतर कथलाचे दागिने काढले ते पुन्हा घातले नाहीत. १९३० मध्ये 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ह्या बोटीने गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांचा सूट ज्यांच्या डोळ्यांत खुपत होता, त्यांना तो कोट नव्हे, कोटाच्या आतला माणूस खुपत होता. म्हणून मी माझा काळा सूट इस्त्री करून, टाय नीट बांधून भोजनगृहात गेलो. मला त्यात कसलीही लाज वाटली नाही. पत्नी पैठणी नेसली होती.

जेवण संपल्यावर मी दारापाशी तिची वाट पाहत उभा होतो. मोत्यांची माळ घातलेली एक वृद्ध बाई आली, माझ्या हातात रिकामा पेला ठेवला आणि कॉफी कुठे मिळेल असे विचारले. तिच्या स्वरात उर्मटपणा नव्हता. काळा कोट, काळी पँट, काळा माणूस, दारापाशी उभा. तिचे चुकले कुठे? मुख्य वेटरचा कोट आणि पाहुण्याचा कोट ह्यांत फारसा फरक नसतोच. तो फरक घालणाऱ्याच्या कातडीने भरून काढायचा असतो. बसचालकाला ज्या कोटाने लपवले, त्याच कोटाने मला उघडे पाडले.

मनाई असताना घातलेला कोट आणि नियम म्हणून घातलेला कोट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या क्षणी उमगले. पहिल्यात माणूस आपली ओळख स्वतः ठरवतो. दुसऱ्यात ती दुसऱ्याने ठरवायची असते.

तो पेला माझ्या हातातून घेतला आमच्या टेबलाच्या वेटरने. मडगावकडचा मुलगा. आम्ही मराठी बोलतो हे कळल्यापासून तो मला 'सर' सोडून 'काका' म्हणू लागला होता. "काका, मनाला लावून घेऊ नका. मला तर रोज कोणी ना कोणी दुसऱ्याच्या नावाने हाक मारतं," तो म्हणाला.

गोव्याच्या माणसाचे बोटीशी नाते जुने आहे. पी अँड ओ च्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या वाढपी आणि स्वयंपाकी गोव्याचे. त्यांची मुंबईतली 'कूड' म्हणजे गावागावाची वसतिघरे धोबीतलावाच्या बाजूला होती. डेकवरच्या हिंदी खलाशांना कंपनी निळा अंगरखा आणि कमरेला लाल पट्टा देई. आणि त्यांचे करार गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळे, पगार कमी. आजचा २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यातल्या एका मोजमापाप्रमाणे चोवीस तासांत जास्तीत जास्त १४ आणि आठवड्यात ७२ तास काम घेता येते. म्हणजे कायदा पाळला तरी दिवस केवढा लांब असतो ते पाहावे. फॉर्मल नाइटला पाहुणे छायाचित्रांपायी उशिरा येतात, रेंगाळतात, ताटे-पेले वाढतात. "त्या रात्री पाय बोलतात, काका," असे तो म्हणे.

ही प्रथा आता ओसरते आहे. नॉर्वेजियन कंपनीने २००० मध्ये पोशाखाची सक्ती काढली. सेलिब्रिटीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइटऐवजी सैल नियम आणला. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या देशी क्रूझही सुरू झाल्या. पाहुण्याचा पोशाख सैल होत चालला आहे. वेटरचा मात्र तसाच कडक आहे. छातीवर नावाची पट्टी, तिच्यावर पुष्कळदा देशाचेही नाव.

दुसऱ्या फॉर्मल नाइटला मी तोच सूट घातला. त्या मुलाने वाढता वाढता माझ्या कोटाच्या बाहीकडे पाहिले आणि शिवणाऱ्याचे गाव विचारले. मी औरंगाबाद म्हटले. तो म्हणाला, बहिणीच्या लग्नाला त्यानेही एक सूट शिवला होता, मडगावला, करड्या रंगाचा. एकदाच घातला. तो घरी कपाटात आहे, आणि करार संपायला अजून चार महिने होते.