ठिपक्यांच्या पालीची दुखणी

श्रोतेहो, गाय आजारी पडली की रवंथ सोडते, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते. पण पाल आजारी पडली, हे ओळखायचे कसे? हसू नका बरं का! अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ घरी काचेच्या पेटीत एक पाल पाळतात. तिचे नाव लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षे जगते.

आधी तिची शेपटी पाहावी. जाड शेपटी ही तिची कणगीच. सुगीत तिथे चरबी साठते, उपासात ती खर्ची पडते. शेपटी बारीक होऊ लागली, की समजावे कणगी रिकामी होते आहे. कधी पोटात जंत असतात, तर कधी पेटीच थंड असते. पालीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही. म्हणून पेटीची एक बाजू ३० ते ३२ अंश सेल्सिअस ठेवावी, दुसरी २५ च्या आसपास. एवढ्याने भागले नाही तर पाल वेगळी ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडून विष्ठा तपासून घ्यावी.

दुसरे दुखणे आपल्या ओळखीचे आहे: मुडदूस! पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, अंग थरथरते. मुलांसारखेच कारण, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडणे. नुसते रातकिडे घालून चालत नाही; त्यांना आधी हिरवा पाला चारावा आणि वर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. मात्र एकदा वाकलेले हाड सहसा सरळ होत नाही. तेव्हा काळजी आधीच घ्यावी.

तिसरे, कात. बोटांभोवती कातीचे कडे राहिले तर ते आवळते, रक्त अडते आणि बोट झडते. अशा वेळी ओढाताण करू नये. कोमट पाण्यात पाय भिजवून ओल्या कापसाने हळूच सोडवावे. पेटीत ओलसर शेवाळाची एक डबी ठेवली की ही वेळ क्वचितच येते.

पेटीत वाळू पसरू नये. पोटात गेली तर आतडे तुंबते. त्यापेक्षा कागद बरा. आणि पालीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण तिच्यापासून पोट बिघडवणारे जंतू माणसाला लागू शकतात.

गुरुजनहो, यातले बहुतेक आजार पालीचे नसून पाळणाऱ्याच्या हयगयीचे आहेत, एवढे मुलांना जरूर सांगा. आणखी एक सांगा. हिच्याच गोतातली पाल आपल्या महाराष्ट्रातही दगडांच्या कपारीत राहते. विषारी समजून लोक तिला ठेचतात. पण तिला विष नाही. तिला मारूही नये, धरून पेटीत कोंडूही नये. तिचे आरोग्य तिच्या रानातच आहे.