नवव्या परिशिष्टातले दोन ‘फसली’ कायदे

राज्यघटनेचे नववे परिशिष्ट काढून पाहा. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने ते जोडले, तेव्हा त्यात १३ कायदे होते. त्यातल्या शेवटच्या दोघांपाशी हैदराबादचा माणूस थबकतोच : जहागिरी खालसा करण्याचा १३५८ फसलीचा आणि भरपाईचा १३५९ फसलीचा. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९४९-५० चे कायदे. (घरच्या जुन्या कागदांवरचा १३५८ हा आकडा हिजरी समजू नये. दहा वर्षांचा फरक पडतो!)

मग निजामी सालाचे कायदे घटनेत आले कसे? मार्च १९५१मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी कायदा रद्द ठरवला. मोठ्या जमीनदाराला कमी पटीने भरपाई, म्हणून समतेचा भंग. बाकी राज्यांतही हेच होणार, हे दिसत होते. तेव्हा कलम ३१-ब घातले : परिशिष्टातला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात जातो म्हणून रद्द होणार नाही.

हैदराबादची गोष्ट मात्र बिहारहून वेगळी. इथला जहागीरदार सारा तर घेईच, पण कित्येक जहागिरींत पोलीस आणि कचेरीही त्याचीच. शिवाय जहागीर वारसाने आपोआप मिळत नसे. जहागीरदार वारला की ती सरकारजमा, आणि मुलाला द्यायची की नाही ही निजामाची मर्जी. असल्या हक्काला मालमत्ता म्हणावे का? माझ्या मते तो मुळात नेमणुकीच्या जवळचा होता.

पोलीस कारवाईनंतर लष्करी गव्हर्नर जयंतनाथ चौधरींनी ऑगस्ट १९४९मध्ये जहागिरी संपवल्या. त्यांना तो अधिकारच नव्हता, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६० साली न्यायालयाने तो फेटाळला : निजामाने आपली सत्ता त्यांच्याकडे सोपवली होती, आणि घटनेआधी निजामाच्या सत्तेला कायद्याची मर्यादा नव्हती. ज्या मर्जीवर जहागिरी टिकल्या, तिच्याच आधारावर त्या गेल्या.

एक घोटाळा नेहमी होतो, तो सांगून ठेवतो. जहागीर गेली म्हणून कूळ मालक झाले नाही. फक्त सारा सरकारात भरू लागले. कुळाचा प्रश्न १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याचा. मराठवाड्यातल्या जुन्या उताऱ्यांवर ‘संरक्षित कूळ’ ही नोंद दिसते, ती त्या कायद्यातून आलेली.