सात क्रमांकाच्या जर्सीपर्यंतचा प्रवास: जोनाथन थर्स्टनची सुरुवातीची वर्षे

व्यावसायिक खेळाडूच्या यशाचे श्रेय बहुधा त्याच्या प्रतिभेला आणि मेहनतीला दिले जाते. परंतु योग्य जागा योग्य वेळी मिळणे ही तितकीच निर्णायक बाब असते आणि ती खेळाडूच्या एकट्याच्या हाती नसते, हे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधील जोनाथन थर्स्टन या खेळाडूच्या कारकिर्दीचा आरंभ पाहिला असता स्पष्ट होते.

रग्बी लीग हा रग्बीचाच एक स्वतंत्र प्रकार असून त्याचा उगम मोबदल्याच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधील खाणी आणि गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंना सामन्यासाठी काम बुडवावे लागे आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाई. ती भरून देण्यास तत्कालीन रग्बी संघटनेने नकार दिल्यामुळे १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे काही क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे नियमही बदलत गेले. प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात, सामना ८० मिनिटांचा असतो, आणि चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी पकडून पाडण्याच्या सहा प्रसंगांची, मर्यादा असते; सहाव्या टॅकलनंतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होऊन चार गुण मिळतात, त्यानंतरची यशस्वी किक दोन गुणांची असते आणि चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा देऊन खांबांमधून मारल्यास, म्हणजे ‘फील्ड गोल’ केल्यास, सहसा एक गुण मिळतो.

या सहा टॅकलच्या मर्यादेमुळे सात क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या ‘हाफबॅक’ला असाधारण महत्त्व आले आहे. चेंडू कोणत्या बाजूला खेळवायचा, किक केव्हा मारायची आणि बचावफळीतील फट कोठे उघडेल, याचे निर्णय मुख्यतः तो आणि त्याचा जोडीदार, म्हणजे सहा क्रमांकाचा ‘फाइव्ह-एट’, घेतात. हे कौशल्य सरावाच्या मैदानावर पूर्णपणे साधत नाही. सामन्यामागून सामना खेळत सहकाऱ्यांच्या हालचाली अंगवळणी पडल्यावरच ते येते, आणि म्हणूनच तरुण हाफबॅकला मैदानावर मिळणारा वेळ हेच त्याचे खरे शिक्षण असते.

थर्स्टनचा जन्म २५ एप्रिल १९८३ रोजी ब्रिस्बेन येथे झाला. त्याची आई क्वीन्सलँडमधील गुंगारी या आदिवासी समाजाची, तर वडील न्यूझीलंडचे होते. ब्रिस्बेनमध्ये बालपणीचा खेळ आणि तूवूम्बा या शहरात शालेय खेळ खेळूनही, व्यावसायिक क्लबांच्या निवडकर्त्यांना त्याची शरीरयष्टी या धडकांच्या खेळासाठी फार किरकोळ वाटत होती. चेंडू हाती असताना तो किती लवकर आणि किती अचूक निर्णय घेतो, हे मात्र वजन आणि उंचीच्या मोजमापांत दिसण्यासारखे नव्हते.

अखेर सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्जने त्याला संधी दिली आणि २००२ मध्ये त्याने नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल, या सर्वोच्च स्पर्धेत पदार्पण केले. तथापि त्या संघात हाफबॅकच्या जागी ब्रेंट शेरविन आणि फाइव्ह-एटच्या जागी ब्रेथ अनास्टा स्थिरावलेले असल्याने, एका हंगामाच्या साखळीतच प्रत्येक संघाला २४ सामने मिळत असताना, थर्स्टनच्या वाट्याला तीन हंगामांत मिळून २९ सामने आले. २००४ च्या अंतिम सामन्यात बुलडॉग्जने सिडनी रूस्टर्सचा १६-१३ असा पराभव केला, तेव्हा तो राखीव खेळाडूंमधून मैदानात उतरला होता. दुखापतीमुळे त्या सामन्याला मुकलेला कर्णधार स्टीव्ह प्राइस याला त्याने विजेत्यांना मिळणारी आपली अंगठी देऊन टाकली. विसाव्या-एकविसाव्या वर्षी हाती आलेला असा मान दुसऱ्याचा अधिकार मोठा मानून सोडून देणे, ही त्याच्या स्वभावाची फार मोठी ओळख होय.

२००५ मध्ये तो नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या संघात गेला. १९९५ मध्ये स्पर्धेत आलेला हा संघ ब्रिस्बेनपासून रस्त्याने तेराशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला असलेल्या टाउन्सव्हिलचा असून त्याने तोवर एकदाही अंतिम सामना गाठलेला नव्हता. तेथे प्रशिक्षक ग्रॅहम मरे यांच्या संघात सात क्रमांकाची जबाबदारी मिळताच थर्स्टनच्या खेळाचे स्वरूप पालटले. त्याच वर्षी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधील ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ या प्रतिष्ठेच्या मालिकेत त्याने पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात शेवटच्या टप्प्यात फील्ड गोल करून २०-२० अशी बरोबरी साधली. पुढे जादा वेळेत मॅट बोवेनच्या ट्रायने क्वीन्सलँडने तो सामना जिंकला. काउबॉइजनी प्रथमच अंतिम फेरी गाठली, जरी तेथे वेस्ट्स टायगर्सकडून ३०-१६ असा पराभव झाला, आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला सामन्यागणिक दिलेल्या मतांवरून ठरणारे ‘डॅली एम’ पदक थर्स्टनला मिळाले.

आदल्या वर्षीचा राखीव खेळाडू एका वर्षात स्पर्धेतील सर्वोत्तम ठरला, याचा अर्थ त्याची प्रतिभा एकाएकी वाढली असा लावता येत नाही. तिला वाव देणारी जागा मिळाली, हेच त्याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण आहे. त्याच वेळी, सिडनीतील वर्षे वाया गेली असेही म्हणता येत नाही, कारण विजेत्या संघाची शिस्त आणि मोठ्या सामन्यांचा ताण त्याने तेथेच अनुभवला होता.

पुढे त्याने एकूण चार वेळा डॅली एम पदक पटकावले, २०१५ मध्ये जादा वेळेतील स्वतःच्या फील्ड गोलने ब्रिस्बेन ब्रॉन्कोजवर १७-१६ अशी मात करून काउबॉइजना पहिले विजेतेपद मिळवून दिले आणि ३२३ एनआरएल सामने खेळून २०१८ मध्ये तो निवृत्त झाला. यांतील २९४ सामने त्याने टाउन्सव्हिलच्या संघाकडून खेळले. किरकोळ देहाच्या मुलाला नाकारण्यास निवडकर्त्यांना एक दृष्टिक्षेप पुरतो. त्याची खरी पात्रता कळण्यासाठी मात्र त्याला त्याच्या जागी पुरेसे सामने खेळू द्यावे लागतात, आणि तरुण खेळाडू घडवू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा धीर आपले पहिले कर्तव्य मानले पाहिजे.