बालीची वेळ कोण ठरवते?

इंडोनेशियातील बाली बेटावर 2024 या एका वर्षात 60 लाखांहून अधिक परदेशी पर्यटक येऊन गेले, तर बेटाची स्वतःची लोकसंख्या सुमारे 44 लाख आहे. मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातींतही पाच-सहा रात्रींची बाली आता नेहमीची झाली आहे. एवढ्या गर्दीच्या ठिकाणी तेथील लोकांची संस्कृती पाहायला मिळते की पर्यटकांसाठी मांडलेला तिचा देखावा, ही शंका कोणाही चोखंदळ प्रवाशाला येतेच, आणि जेथे सगळे जातात तेथे खरे काही उरत नाही, असे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. बालीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या उत्तराला सहजासहजी दुजोरा देत नाही.

या शंकेची शास्त्रशुद्ध मांडणी डीन मॅकॅनेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये केली. रंगमंचाचा दर्शनी भाग आणि पडद्यामागची जागा हा भेद त्याने अर्व्हिंग गॉफमन या अभ्यासकाच्या विवेचनातून घेतला. पर्यटकाचे दर्शनी भागावर समाधान होत नाही, त्याला पडद्यामागचे जीवन पाहायचे असते, आणि ही ओढ ओळखून यजमान ‘पडद्यामागची’ म्हणून आणखी एक जागा सजवून ठेवतात, असे त्याचे म्हणणे. अशा सजवलेल्या खरेपणाला त्याने रंगमंचावरचा अस्सलपणा या अर्थाची संज्ञा दिली. शहरातून आलेल्यांसाठी कृषिपर्यटन केंद्रात पेटवलेली चूल आणि जुंपलेली बैलगाडी हे त्याचे मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण. ही संज्ञा उपयोगाची आहे, परंतु जे पर्यटकासमोर घडते ते खोटे आणि जे त्याच्या पाठीमागे घडते ते खरे, अशी सरळ वाटणी तिच्या आधारे करू गेल्यास बालीत ती फसते.

केचक या नृत्यनाट्याचेच पाहावे. बेटाच्या दक्षिण टोकाला, उलुवातू मंदिराजवळच्या समुद्रकड्यावर, संध्याकाळी सूर्य बुडण्याच्या सुमारास कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र गुंडाळलेले अनेक पुरुष एकात एक वर्तुळे करून बसतात आणि कोणत्याही वाद्याविना, केवळ ‘चक-चक-चक’ या तोंडच्या तालावर, सीताहरणापासूनचे रामायण उभे करतात; हनुमान जळत्या करवंट्या-सोडणांचा ढीग पायाने उधळतो तेव्हा पुढच्या रांगेतले प्रेक्षक पाय आखडून घेतात. हे सारे फार प्राचीन असावे असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात केचकला आजचे रूप 1930 च्या दशकाच्या सुरुवातीस मिळाले. रोगराई हटवण्यासाठी होणाऱ्या ‘सांगह्यांग’ या विधीत अंगात आलेल्या मुलींभोवती पुरुषांचे कोरस असे. वायान लिंबाक हा बाली नर्तक आणि 1927 पासून बालीत राहणारा जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस यांच्या सहकार्यातून त्या कोरसाला रामायणाच्या कथेची जोड मिळाली, आणि त्यामागे परदेशी पाहुण्यांसमोर सादर करण्याजोगे काही घडवावे हा हेतू होता. तोवर डच जहाज कंपनी बालीत पर्यटक आणू लागली होती आणि देनपसारला 1928 मध्ये तिचे हॉटेलही उभे राहिले होते. ज्या डचांनी 1906 आणि 1908 मध्ये येथील राजघराण्यांचा रक्तरंजित शेवट घडवला, तेच आता बालीला जिवंत संग्रहालयासारखे जपण्याची भाषा करीत होते, हा योगायोग नव्हे.

म्हणून केचक खोटे ठरते काय? सार्वजनिक गणेशोत्सवाने 1890 च्या दशकात आकार घेतला आणि त्यामागेही धर्माबाहेरचा हेतू होता, तरी त्याला कोणी बनावट म्हणत नाही. परंपरा केव्हा सुरू झाली यावरून तिचा कस लावता येत नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे, यावरून मात्र काही कळते.

बालीच्या लोकांनी हा ताब्याचा प्रश्न फार लवकर ओळखला. देनपसारला 1971 मध्ये पवित्र आणि लौकिक नृत्ये यांच्यावर एक परिसंवाद झाला आणि नृत्यांचे तीन वर्ग ठरवण्यात आले: मंदिराच्या आतल्या आवारात, विधीचाच भाग म्हणून होणारी ‘वाली’, उत्सवाच्या सोबतीने होणारी ‘बेबाली’ आणि निव्वळ रंजनाची ‘बालिह-बालिहान’. शेवटचा वर्ग तेवढा पर्यटकांसाठी मोकळा राहिला. बातुबुलान गावात पर्यटकांसमोर बारोंग हा सिंहासारखा संरक्षक प्राणी नाचतो. विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा केलेला गावाचा मुखवटा मात्र मंदिरात वेगळा असतो. अर्थात अशा कुंपणातून दोन्ही बाजूंनी ये-जा होते. मंदिरातले पेंदेत नृत्य पाहुण्यांच्या स्वागताला वापरणे काहींना खटकले, म्हणून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात पान्येंब्रामा हे स्वागतनृत्य मुद्दाम बसवण्यात आले, आणि पुढे कलाशाळांत ते शिकलेल्या मुलींनी तेच मंदिरातही सादर करायला सुरुवात केली. पर्यटकांसाठी घडवलेली वस्तू अशा रीतीने देवापुढे पोहोचली. देवाला तिचे वावडे नसावे. अडचण झाली ती वर्गीकरण करणाऱ्यांची.

अस्सलपणाची कसोटी म्हणून दोन साधे प्रश्न पुरेसे आहेत: पर्यटक आला नाही तर हे होईल काय, आणि याची वेळ कोण ठरवतो? महासाथीमुळे 2020 पासून सुमारे दीड वर्ष इंडोनेशियाने परदेशी पर्यटकांना दार बंद केले तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले: तिकिटाचे खेळ थांबले आणि मंदिरांतले विधी, माणसे कमी करून का होईना, चालू राहिले. त्यांच्यामागे ‘बांजार’ ही वस्तीची संघटना असते. विवाहित जोडपे तिचे सभासद होते आणि मंदिराच्या कामाला विनामूल्य श्रम देणे, ज्याला ‘ङायाह’ म्हणतात, हे त्याचे कर्तव्य ठरते. गोव्यातही असे दोन थर दिसतात. पणजीतील कार्निव्हलची चित्ररथ मिरवणूक 1965 पासूनची आणि पर्यटनाला पोषक. त्याच दिवसांत सासष्टीच्या गावांत ‘खेळ’ ही कोकणी नाट्ये गावकऱ्यांसमोर होतात, आणि पणजीच्या गर्दीतील फार थोड्यांना त्यांचा पत्ता असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे ठसठशीत उत्तर न्येपी या दिवशी मिळते. न्येपी हा बालीच्या शक पंचांगाचा नववर्षदिन. त्याचा वर्षांक आपल्या शालिवाहन शकाशी जुळतो आणि तो पुष्कळदा गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. 2023 मध्ये दोन्ही सण 22 मार्चलाच आले होते. या दिवशी दिवा-अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक या चारही गोष्टी वर्ज्य असतात. विमानतळ 24 तास बंद राहतो, 2018 पासून मोबाइलवरील इंटरनेटही बंद ठेवले जाते, आणि ‘पचालांग’ हे गावरक्षक रस्त्यांवरून फिरून पाहुण्यांनाही हॉटेलाच्या फाटकाबाहेर पडू देत नाहीत. पर्यटनावर जगणारे बेट वर्षातील एक दिवस पर्यटनच थांबवते, हे बालीत पाहण्याजोग्या गोष्टींपैकी सर्वांत बोलके आहे आणि त्याला तिकीट नाही. बहुतेक मंदिरांचे वर्धापन उत्सव 210 दिवसांच्या दुसऱ्या एका पंचांगाने येतात. तेथे सारोंग नेसून, कमरेला पट्टा बांधून गेलेल्या परक्याला सहसा कोणी अडवत नाही, पण रात्री नऊला सुरू होणार म्हटलेले नृत्य मध्यरात्रीही सुरू झालेले नसते. सहल कंपनीच्या वेळापत्रकात हे बसत नाही, एवढाच त्यातील दोष.

तेव्हा गर्दीच्या ठिकाणी सांस्कृतिक अनुभव मिळतो, मात्र तो यजमानांच्या वेळेने. बालीवर खरे संकट आहे ते वेगळे, आणि नृत्याच्या शुद्धतेवरील चर्चेत ते झाकले जाते. बालीचे मंदिरजीवन भातशेतीशी आणि ‘सुबक’ या पाणीवाटप संस्थांशी बांधलेले आहे. एका पाटावर अवलंबून असलेले शेतकरी मिळून सुबक होतो, पाण्याच्या पाळ्या जलमंदिरांतील विधींच्या वेळापत्रकाने ठरतात, आणि सगळ्यांची खाचरे एकाच वेळी कोरडी पडत असल्यामुळे किडीलाही आळा बसतो. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी दाखवल्याप्रमाणे 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या योजनेने ही पद्धत बाजूला सारून सतत पीक घ्यायला लावले तेव्हा कीड आणि पाणीटंचाई दोन्ही वाढली. युनेस्कोने 2012 मध्ये जातिलुविहच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांसह हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. परंतु दक्षिण बालीत हॉटेले आणि व्हिला यांच्यासाठी खाचरे विकली जात आहेत. मधले एक खाचर बांधकामाखाली गेले की पाट अडतो, खालच्याला पाणी पोहोचत नाही, त्यालाही विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि जलमंदिराच्या उत्सवाचा खर्च व श्रम वाटून घेणारे एक घर कमी होते. संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी म्हणून 14 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया इतका कर घेतला जातो. विकायला निघालेल्या खाचराच्या मालकाला व्हिलावाल्याकडून मिळणाऱ्या किमतीपुढे तो टिकाव धरू शकणारा नाही.